सॉकर म्हणणारे मावसोबा

गेल्या रविवारी, दुपारी पावणेपाचला, पडेगावच्या मैदानावर मध्यंतराची शिट्टी वाजली आणि माझ्या मावशीच्या यजमानांच्या हातातून माईक काढून घेण्यात आला. काढून घेणाऱ्यांनी कारण असं दिलं की ते फुटबॉलला 'सॉकर' म्हणतात. हे कारण खोटं आहे. का खोटं आहे ते मी पुढं सांगणारच आहे, पण त्याआधी ज्यांच्यावर हा अन्याय झाला तो माणूस तुम्हाला ठाऊक व्हायला हवा. सबंध मराठवाड्यात आपली चूक माईकवरून कबूल करणारा तेवढा एकच माणूस आहे, अशी माझी खात्री आहे. बाकी आपण सगळे बरोबर असलो की ओरडतो आणि चुकलो की पुटपुटतो. मावसोबांचं उलटं. त्यांचं बरोबर असलं तर ते हळूच बोलतील, पण चुकलं की घसा साफ करतील, उभे राहतील आणि पार वेशीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगतील, "मंडळी, मघाशी मी चुकीचं बोललो."

आवाज तर असा की बोलायची सोय नाही. पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कालव्याच्या एका काठावर उभं राहून दुसऱ्या काठावरच्या मुकादमाला सूचना देण्यात त्यांची सगळी नोकरी सरली, आणि निवृत्त झाल्यावर कालवा सुटला तरी आवाज तेवढाच रुंद राहिला. सिल्लोडला त्यांच्या बहिणीला ते फोन लावतात तेव्हा मावशी म्हणते, "फोनचा खर्च कशाला? नुसती खिडकी उघडा." घरातही ते बोलतात ते समालोचनच. मावशी स्वयंपाकघरात शिरली की सोफ्यावरून सुरू: "सौभाग्यवती डाव्या बाजूनं निघाल्या आहेत, पिठाचा डबा घेतला आहे, आता फोडणीकडं... सुंदर, अतिशय सुंदर, पण मोहरी उडालेली दिसते..." मावशी त्यांना आतून सांगते, "समालोचन पुरे, तेवढा गॅस बारीक करा." ते उठून गॅस बारीक करतात आणि तेही जाहीर करतात.

माझ्या मामेबहिणीच्या लग्नात तर त्यांनी माईक हातात घेऊन सगळ्यांचा श्वास थांबवला होता. अक्षता पडल्या होत्या, पंगती बसायच्या होत्या, आणि हे व्यासपीठावर गेले. "मंडळी, नवरदेवांची ओळख करून देताना मी मघाशी एम.ई. म्हणालो. ते बी.ई. आहेत. एम.ई. अर्धवट सोडलं आहे. दिलगीर आहे." मांडवात अशी शांतता पसरली की मागच्या आचाऱ्याच्या झाऱ्याचा आवाज ऐकू यायला लागला. वरबाप उभे राहिले. आमच्या मामांचा चेहरा पांढरा पडला. नवऱ्यामुलानंच हसून "खरंय, खरंय, सोडलंय" असं म्हटलं म्हणून निभावलं, नाहीतर त्या दिवशी वरात आली तशी परत गेली असती. मावशी घरी येऊन त्यांना म्हणाली, "काय गरज होती?" ते म्हणाले, "चूक माझी होती ना? मग मी नाही तर कोण सांगणार?" मी आंदोलनात वाढलेली मुलगी. पत्रकं लिहिते, वाटते, चौकात उभी राहून बोलते. माझ्या ओळखीत भांडणारे पुष्कळ आहेत. स्वतःविरुद्ध साक्ष देणारा एवढाच.

आता पडेगावच्या स्पर्धेबद्दल सांगते, कारण ती पद्धत तुम्हाला दुसरीकडं कुठं बघायला मिळणार नाही. हिवाळ्यात रविवारी रविवारी सामने होतात. आजूबाजूच्या गावांचे संघ टेम्पोतून येतात. पंच असतो, पण पंच म्हणजे आधीच्या फेरीत हरलेल्या एखाद्या संघातला कुणीतरी, ज्याला शिट्टी वाजवता येते. रेषेवर उभे राहणारे पंच नाहीत. कॅमेरा नाही. फक्कीची रेघ दुपारपर्यंत पायांनी पुसून जाते. मग बॉल आत होता का बाहेर, हात लागला का नाही, हे ठरवायचं कुणी? ते माईक ठरवतो. म्हणजे असं की मंडपात बसलेला समालोचक त्या क्षणी जे बोलला ते खरं. नंतर विचारून काही उपयोग नाही, कारण नंतर सगळ्यांना आपापल्या संघाच्या बाजूनं दिसतं. पण बॉल पायात असताना, गोल व्हायच्या आधी, तोंडातून जे निघून गेलं त्यात लबाडी करायला वेळ नसतो. म्हणून सामन्याआधी दोन्ही कप्तान मंडपात येतात, टेबलावरच्या माईकवर हात ठेवतात आणि म्हणतात, "माईक मान्य." मगच नाणं उडतं. ही पद्धत कुणी लिहून ठेवलेली नाही. मी शाळेत जायच्या आधीपासून ती आहे, आणि तेव्हापासून त्या माईकमागं मावसोबाच आहेत. त्यांच्या निर्णयावर लोक चिडले आहेत, खूप चिडले आहेत, पण गेल्या रविवारपर्यंत तो कुणी मोडला नव्हता.

मंडपाच्या बांबूला भोंगा बांधलेला असतो आणि भोंग्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बशीरचाचा बसतात. बशीरचाचा या मैदानाचे एकेकाळचे गोलकीपर. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. तरी एक सामना चुकवत नाहीत. त्यांच्या खुर्चीची पाठ मैदानाकडं असते आणि तोंड भोंग्याकडं, कारण त्यांना जे बघायचं असतं ते भोंग्यातून येतं. नवीन माणूस त्यांची खुर्ची मैदानाकडं वळवायला जातो, तेव्हा चाचा म्हणतात, "रैने दो बाबा. मॅच इधर चालू है." मावसोबांना हे ठाऊक असल्यामुळं त्यांचं समालोचन जगावेगळं असतं. ते "काय सुरेख पास!" असं म्हणून मोकळे होत नाहीत. ते सांगतात, "उजवीकडं, लिंबाच्या बाजूला, फुटबॉल सात नंबरच्या डाव्या पायात, समोर दोन माणसं, एक जरा जाडसर आहे, तो दमलाय..." मध्येच दुरुस्ती येते: "चुकलो, सात नाही, दहा नंबर. सात नंबरची आई इथं असेल तर माफी." चाचा मान डोलावतात. दौलताबादच्या रस्त्यावरून ट्रक गेला आणि एखादं वाक्य बुडालं, तर चाचा हात वर करतात आणि मावसोबा ते वाक्य पुन्हा बोलतात. तोवर खेळ पुढं गेलेला असतो. कुणाला काही वाटत नाही.

आणि हो, ते खेळाला सॉकर म्हणतात. "पडेगाव विरुद्ध सिल्लोड, आजचा सॉकरचा सामना," अशी त्यांची सुरुवात. हा शब्द त्यांनी परदेशी चॅनेलवरून उचलला नाही. त्यांचे वडील छावणीत कारकून होते. तिथल्या मैदानावर पलटणींचे सामने होत, आणि एक म्हातारे सुभेदार पत्र्याचा भोंगा तोंडाला लावून ते जाहीर करत. त्या सुभेदारांनी हा शब्द गोऱ्या साहेबांच्या तोंडून ऐकलेला, मावसोबांनी सुभेदारांच्या तोंडून. पुढं तरुणपणी वर्तमानपत्रांत, खेळाच्या मासिकांत सगळीकडं त्यांना सॉकरच दिसला, तेव्हा कुणी हसत नव्हतं. शिवाय त्यांचं एक व्यवहारी कारणही आहे. "फुटबॉल ही वस्तू आहे," असं ते म्हणतात. "ती दुकानात मिळते, पंक्चर होते. 'फुटबॉल थांबला' असं मी म्हटलं तर बशीरनं काय समजायचं? बॉल थांबला का खेळ थांबला?" म्हणून वस्तूला फुटबॉल, खेळाला सॉकर. एवढी साधी वाटणी.

शब्द आला कुठून याबद्दल मात्र त्यांचं ज्ञान भयंकर होतं. सॉकर म्हणजे सॉक्स घालून खेळायचा खेळ, असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत आले. नुसतं सांगून थांबले असते तर बरं. पण त्यांनी मैदानावर नियमच केला: बूट नसले तरी चालतील, मोजे पाहिजेत. करमाडची पोरं अनवाणी खेळणारी. तीही बिचारी पोरं टेम्पोतून उतरली की आधी मोजे चढवत. ढोपरापर्यंत मोजे आणि खाली चप्पल, अशी फौज मैदानाकडं चालत यायची. कॉलेजात गेल्यावर मी खरी हकीकत शोधली आणि जरा घाबरतच त्यांना सांगितली. विलायतेत दीडशे वर्षांपूर्वी फुटबॉल नावाचे दोन खेळ होते. एक हातात बॉल घेऊन पळायचा, तो रग्बी. दुसरा पायानं खेळायचा, त्याचे नियम एका संघटनेनं म्हणजे असोसिएशननं ठरवले, म्हणून तो असोसिएशन फुटबॉल. हे लांबलचक नाव घेणार कोण? तिथल्या कॉलेजातल्या पोरांना खोड होती. शब्द तोडायचा आणि शेपटीला 'अर' लावायचा. आपल्या होस्टेलवर कुलकर्णीचा कुल्या होतो आणि देशमुखचा देश्या होतो, तसंच. रग्बीचा झाला रगर आणि असोसिएशनच्या पोटातला 'सॉक' काढून झाला सॉकर. मी म्हटलं, "मावसोबा, मोज्यांचा काही संबंध नाही." पुढच्या रविवारी सामन्याच्या आधी ते उभे राहिले, घसा साफ केला. "मंडळी, सॉकर या शब्दाविषयी मी तुम्हाला अनेक वर्षं चुकीची माहिती दिली. मोज्यांची गोष्ट खोटी निघाली. ज्यांनी माझ्या सांगण्यावरून मोजे घेतले त्यांनी ते वापरत राहावेत. पाय शाबूत राहतात." मैदान हसलं. चाचा सगळ्यांत मोठ्यानं हसले. मोजे मात्र सुटले नाहीत. आजही पडेगावला मोज्याशिवाय कुणी उतरत नाही.

असा हा माणूस. आता गेल्या रविवारचं ऐका.

उपांत्य सामना होता, पडेगाव विरुद्ध करमाड. दोन्ही कप्तानांनी माईक मान्य केला. मैदान दाबून भरलं होतं. या वर्षी स्पर्धेची समिती नवी आहे, तरुण पोरांची, आणि तिचा अध्यक्ष ऋषी. ऋषी आमच्याच गल्लीतला, जिममध्ये जाणारा, विलायतेतल्या एका क्लबची लाल जर्सी आठवडाभर न काढणारा. पोरगा वाईट नाही. पाण्याच्या टाकीसाठी मी मोर्चा काढला तेव्हा सगळ्यांत आधी तोच आला होता. पण पडेगावनं कप जिंकावा ही त्याची इच्छा इतकी जुनी आणि इतकी तापलेली आहे की तिच्याजवळ उभं राहिलं तरी चटका बसतो.

मध्यंतराला थोडा वेळ उरला होता. गोल कुणाचाच नव्हता. पडेगावचा अकरा नंबर मंडपाच्या बाजूनं बॉल घेऊन सुटला, कोपऱ्याच्या झेंड्यापर्यंत आला, आणि भोंग्यातून मावसोबांचा आवाज आला, "फुटबॉल रेषेवर... बाहेर, बाहेर गेला, पूर्ण बाहेर, करमाडची गोलकिक." हे वाक्य संपायच्या आधी अकरा नंबरनं बॉल आत ओढला, मध्ये टाकला आणि नऊ नंबरनं जाळीत मारला. अख्खं पडेगाव उडालं. ढोल वाजला. पंचानं मैदानाच्या मध्याकडं हात करून गोल दिला. करमाडच्या कप्तानानं फक्त भोंग्याकडं बोट केलं. ढोल थांबला. पंच मंडपाकडं बघत राहिला, मग त्यानं हात फिरवला. गोल रद्द.

मी तेव्हा बशीरचाचांशेजारी उभी होते. लोक मंडपाकडं सरकायला लागले. शिव्या ऐकू येत होत्या, पण 'माईक मान्य' झालेलं, त्यामुळं त्या कुणाच्या नावानं द्यायच्या हे कुणाला कळत नव्हतं. मावसोबा पडेगावचेच. समोर चिडलेले चेहरे सगळे ओळखीचे, कुणाच्या मुंजीत जेवलेले, कुणाच्या मयताला गेलेले. शिट्टी वाजली आणि ऋषी मंडपात चढला.

"काका, माईक द्या जरा."

"घे की. बॅटरी बसली का?"

"बॅटरी नाय. ते सॉकर सॉकर लावलंय ना तुम्ही. पोरं मोबाइलवर लाइव्ह दाखवतायत, खाली कमेंटा यायल्यात. हसायलेत लोकं आपल्याला. अमेरिकावाले म्हणतात सॉकर."

"आज हसायला लागले? मी तुझ्या बारशाच्या आधीपासून म्हणतोय."

"तेच म्हणतो मी. लई झालं आता. बसा निवांत. दुसऱ्या हाफला आपला डीजे बघंल."

मावसोबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. मग ते माईकवर वाकले आणि म्हणाले, "मंडळी, यापुढचं समालोचन..." तेवढ्यात बटण बंद झालं. भोंग्यातून एक खर्रर आवाज आला, आणि काही नाही. मावसोबा उभे होते, त्यांचे ओठ हलत होते आणि वाक्य पुरं होत होतं. पण त्या गलक्यात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही. चाचांनी हात वर केला. त्यांना वाटलं ट्रक गेला.

मावसोबा मंडपातून उतरून घराकडं निघाले, आणि दुसरा हाफ गाण्यांवर झाला. चाचा मान तिरकी करून बसले होते. "बेटी, बॉल किधर है?" मी सांगायचा प्रयत्न केला. "तिकडं, चाचा... आता इकडं..." चाचा म्हणाले, "तिकडं मतलब किधर? लिंबके बाजू कू, या टेम्पोके बाजू कू?" मी बघून बोलेपर्यंत बॉल तिसरीकडं. शेवटी चाचांनी माझ्या हातावर थोपटलं आणि म्हणाले, "रैने दे. नक्को परेशान हो." त्यांनी स्वतःच हातानं चाचपून खुर्ची मैदानाकडं वळवली. तसं त्यांना मी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. करमाडनं गोल केला. पडेगाव ओरडलं, "हँड! हँड!" करमाड ओरडलं, "छाती! छाती!" पंचानं सवयीनं भोंग्याकडं पाहिलं. दोन्ही कप्तानांनी पाहिलं. सगळं मैदान मंडपाकडं वळलं. डीजेवाल्या पोरानं हेडफोन काढला आणि म्हणाला, "मी गाणं लावत होतो ना." एक क्षण हसू येईल असा होता. पुढच्या क्षणी कुणीतरी कुणाला तरी ढकललं. करमाडची पोरं मोज्यांनिशी टेम्पोकडं पळाली, आणि टेम्पोच्या फाळक्यावर पहिला दगड वाजला. ऋषी स्वतः टेम्पोपुढं आडवा उभा राहिला म्हणून कुणाचं डोकं फुटलं नाही, हेही मी लिहिलंच पाहिजे. सामना अर्धवट सुटला. तो या रविवारी पुन्हा आहे, आणि करमाडनं निरोप पाठवला आहे: माईकवर तेच काका असतील तर येऊ, नाहीतर आम्ही नाही.

मी घरी आले आणि रागानं पत्रक लिहायला बसले. 'सॉकर हा शब्द अमेरिकन नाही!' असा मथळा. त्याखाली सगळा इतिहास. शब्द विलायतेतल्या कॉलेजांत जन्मला, तिथल्या साहेबलोकांनी तो अनेक वर्षं दिमाखात वापरला, त्यांच्या वर्तमानपत्रांनी छापला. अमेरिकेत हातात बॉल घेऊन पळण्यालाच फुटबॉल म्हणू लागले होते, म्हणून त्यांनी पायाच्या खेळासाठी सॉकर हे नाव ठेवून घेतलं. पुढं अमेरिकेत या खेळाचा गाजावाजा झाला, तसा तो शब्द त्यांचा वाटायला लागला, आणि विलायतेनं आपलंच पोर परक्याचं म्हणून दाराबाहेर काढलं. आता तिथले लोक तो ऐकला की नाक मुरडतात, आणि त्यांचं बघून पडेगावचा ऋषी नाक मुरडतो! पत्रक झकास झालं होतं. बुधवारी दौलताबाद रोडच्या हॉटेलात मावसोबा, ऋषी आणि मी चहाला बसलो, तेव्हा मी ते ऋषीपुढं आपटलं. म्हटलं, "वाच. तुझ्या जर्सीवाल्यांचाच शब्द आहे."

ऋषीनं वाचलं. खरंच वाचलं, ओठ हलवत. "मला ठाऊक नव्हतं, ताई," तो म्हणाला. मग मावसोबांकडं वळून, "काका, बसा तुम्ही माईकवर. माझी काय ना नाय. फक्त फुटबॉल म्हणा, सॉकर नको. पोरांना मी समजावतो. तुमचंबी राहिलं, आमचंबी राहिलं."

मला वाटलं, आता मावसोबा शब्दासाठी लढणार. मी तयारच होते. मावसोबांनी माझं पत्रक उचललं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली.

"पत्रक उत्तम आहे," ते मला म्हणाले. "विषय चुकलाय. तू शब्दाचा खटला चालवतीयेस. शब्दावर फिर्याद होतीच कुठं?" मग ऋषीला, आणि हे ते हळू आवाजात बोलले. म्हणजे त्यांच्या मते त्यांचं बरोबर होतं. "ऋषी, मी फुटबॉल म्हणीन. लंगडी म्हण, लंगडी म्हणीन. शब्द काय, येतात आणि जातात. तू एवढंच सांग, तू मला शब्दासाठी काढलंस का त्या बॉलसाठी?"

ऋषीनं बशीतला चहा कपात परत ओतला.

"तो बॉल मला बाहेर दिसला म्हणून मी बाहेर म्हणालो. माझी चूक असेल तर चूक म्हण. मी रविवारी माईकवरून सगळ्यांची माफी मागतो, करमाडचीही मागतो. पण चूक होती असं कुणी म्हणतच नाही. सगळे म्हणतात, सॉकर म्हणतो. बॉलसाठी काढलं असं माईकवरून सांग. मी रविवारी येऊन बसतो."

"ते नाय जमणार, काका," ऋषी म्हणाला. तो जमिनीकडं बघत होता. "गावातली पोरं फाडून खातील मला. बॉलसाठी काढलं म्हटलं की बॉल बाहेर होता असंच झालं ना, ते मी कसं म्हणू? माझ्या एकट्याचं कोण ऐकंल?"

"बाहेर होता ना पण?" मी विचारलं.

ऋषी उठला, तिघांच्या चहाचे पैसे दिले आणि निघून गेला. त्यानं नाही म्हटलं नाही, हे मी ऐकलं. मावसोबांनीही ऐकलं.

त्यानंतर मावसोबा घरात समालोचन करत नाहीत. मावशी स्वयंपाकघरात जाते, भांडी वाजवते, मुद्दाम मोहरी उडवते, आणि बाहेर कान देते. सोफ्यावरून काही येत नाही. काल तिनंच न राहवून म्हटलं, "अहो, गॅस बारीक करायचाय." ते उठले, गॅस बारीक केला, परत जाऊन बसले. मावशी मला म्हणाली, "इतकी वर्षं म्हणत होते गप्प बसा. आता घर खायला उठलंय गं."

संध्याकाळी ते बशीरचाचांच्या दारातल्या कट्ट्यावर जातात. काल मीही गेले. दोघं शेजारी बसलेले. समोरून दौलताबादचा रस्ता वाहतो. शेवटी चाचा म्हणाले, "इंजीनरसाब, कुछ तो बोलो. ऐसा चुप बैठे तो मेरेकू अंधेरा दिखता." मावसोबांनी घसा साफ केला. मग अगदी हळू सुरू झाले. "एक ट्रॅक्टर येतोय, उजवीकडून, ऊस नाही, रिकामा आहे. मागं स्कूटरवर नवराबायको, भांडलेली दिसतात, ती दुसरीकडं बघतेय. आता एक बस..." चाचांनी डोळे मिटले, मान डोलवायला लागले. बस गेली, रिक्षा गेल्या, शाळेची मुलं गेली. मैदान तिथून दिसतं. त्याबद्दल मावसोबा एक अक्षर बोलले नाहीत, आणि चाचांनी विचारलं नाही.

शब्दाचं काय व्हायचं ते होईल. सॉकरची काळजी घ्यायला जगात पुष्कळ लोक आहेत. माझं पत्रक मी फाडलं आहे आणि हे लिहिलं आहे, कारण मला तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्ही गेल्या रविवारी मैदानावर होतात. कोपऱ्याच्या झेंड्यामागं दोरीला टेकून माणसांची अख्खी रांग उभी होती, आणि बॉल तुमच्या पायांपुढून गेला. ढोल वाजला तेव्हा तुमच्यातले कितीजण नाचले नाहीत, ते मी पाहिलं आहे. ऋषी एकटा आहे म्हणून गप्प आहे, तुम्ही इतके असून का गप्प आहात? या रविवारी सामन्याच्या आधी मंडपात या. आत दिसला असेल तर आत म्हणा, मावसोबा माफी मागतील. बाहेर दिसला असेल तर माईकवर हात ठेवा आणि बाहेर म्हणा. तुमच्या नावानिशी, मोठ्यानं म्हणा.